शुक्रवारी सुटणारी एक गाडी

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विदर्भातील कुटुंबांची कोकणातली लहान सुट्टी आणि नागपूर–मडगाव रेल्वेगाडी

महोदय,

महाराष्ट्राला सुमारे 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आमच्याकडची मुले शाळेत पाठ करतात. पण नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात ‘चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ, देवदर्शनही होईल’ असे ठरले की नाव निघते ते ओडिशातल्या पुरीचे. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, कुणकेश्वर ही नावे नंतर येतात आणि बहुतेक वेळा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे पडतात. विदर्भातल्या माणसाला कोकणाची ओढ कमी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कारण अगदी साधे आहे आणि ते रेल्वेच्या वेळापत्रकात सापडते. कोकणात पर्यटक यावा म्हणून किनाऱ्यावर जेवढा पैसा आणि विचार खर्च होतो, त्याचा थोडासा अंश राज्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तिथे पोचतो कसा आणि परततो कधी यावर खर्च झाला, तर फार मोठा फरक पडेल. तो फरक घडवण्याची जबाबदारी रेल्वेइतकीच आपल्या खात्याचीही आहे, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

आधी हे पाहू की देऊळ आणि समुद्र एकाच गावात असण्याला घरच्या सहलीत एवढे महत्त्व का. आपल्याकडे सुट्टीला निघते ते सहसा तीन पिढ्यांचे कुटुंब. त्यात आजीला दर्शन हवे असते, मुलांना पाणी हवे असते आणि मधल्या पिढीला दोन दिवस कोणी काही मागू नये एवढेच हवे असते. गणपतीपुळ्याला या तिन्ही गोष्टी एका जागी मिळतात. तिथे डोंगरालाच गणपतीचे रूप मानले आहे, म्हणून प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती न घालता पूर्ण डोंगराभोवती घालतात. साधारण एक किलोमीटरची ती वाट, बांधलेली पाखाडी, एका अंगाला झाडी आणि दुसऱ्या अंगाला लाटांचा आवाज. थांबत थांबत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही ती अर्ध्या-पाऊण तासात होते. देवळासमोरच्या पायऱ्या उतरले की थेट वाळू. आजी सभामंडपात अथर्वशीर्ष म्हणत बसली आणि नातवंडे वाळूत खड्डे खणत बसली, तरी दोघांमध्ये हाकेचेच अंतर राहते. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे, थोडे पुढे जयगडचा किल्ला आहे. दोन-अडीच दिवस भरगच्च जावेत एवढे सगळे वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आत आहे. वेळणेश्वर, हरिहरेश्वर, देवगडजवळचे कुणकेश्वर यांचीही हीच जातकुळी. लहान सुट्टीसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

आता सुट्टी लहानच का, तेही सांगायला हवे. विदर्भाच्या लांब सुट्टीचा कोकणाशी मेळ बसत नाही. आमची लांब सुट्टी म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी निघालेले असतात, गाड्या महिना-दोन महिने आधी भरलेल्या असतात आणि नागपूरच्या कोरड्या उन्हातून सुटून कोकणातल्या दमट घामात शिरण्याचा उत्साह थोड्यांनाच असतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात खऱ्या. पण हे जास्तीचे दिवस कोकणासाठी उपयोगाचे नाहीत. तोवर पाऊस लागलेला असतो, समुद्र खवळलेला असतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते. उरतो तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा काळ. त्यात दिवाळीच्या सुट्टीतले घरचा सण उरकल्यानंतरचे दिवस, नाताळ आणि शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या दोन-चार सुट्ट्या, एवढेच हाती लागते. धंतोलीतल्या दवाखान्यात काम करणारी परिचारिका, बर्डीवरच्या दुकानातला हिशेबनीस, महाविद्यालयातला शिक्षक यांना सलग मिळतात ते चार-पाच दिवस. म्हणून नागपूरहून कोकणची सहल होईल की नाही, हे कोकण किती सुंदर आहे यावर ठरत नाही. किती रजा टाकावी लागते, यावर ठरते.

पुरीशी तुलना करून पाहिली की ही गोष्ट स्पष्ट होते. नागपूर आणि पुरी यांचे नाते जुने आहे. 1751 ते 1803 ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला गेला तो याच मराठा अमलात. 1803 मध्ये देवगावच्या तहाने तो प्रांत इंग्रजांकडे गेला. पुढे रेल्वे आली तीही पूर्वेची वाट पक्की करणारीच होती. 1867 मध्ये मुंबईकडून लोहमार्ग नागपूरला पोचला आणि 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूरला थेट पूर्व भारताशी जोडले. कोकणाला मात्र रेल्वेसाठी जवळजवळ विसावे शतक संपण्याची वाट पाहावी लागली. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी लावून धरली, ई. श्रीधरन यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि 26 जानेवारी 1998 रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. म्हणजे पूर्वेच्या समुद्राकडे जाण्याची आमची सवय शंभराहून अधिक वर्षांची आहे, पश्चिमेच्या समुद्राकडे लोहमार्ग आहे तो जेमतेम पाव शतकाचा. सवयी अशाच घडतात. त्या बदलायच्या तर कोणीतरी हेतुपुरस्सर प्रयत्न करावा लागतो.

अंतर हे खरे कारण नाही, हे नकाशा उघडताच कळते. नागपूरहून पुरी आणि नागपूरहून कल्याण-पनवेलमार्गे रत्नागिरी ही दोन्ही रेल्वेअंतरे हजार-अकराशे किलोमीटरच्या घरातली. दोन्हीकडे वेळही साधारण वीस-बावीस तासांचा. खरा फरक आहे तो वारांचा. पुरी–अहमदाबाद, पुरी–सुरत, लोकमान्य टिळक टर्मिनस–पुरी अशा अनेक गाड्या नागपूरवरून जातात. एखादी आठवड्यातून चार दिवस, बाकीच्या एकेक दिवस. पण सगळ्या मिळून आठवड्यातल्या बहुतेक दिवशी पुरीला नेणारी किंवा तिथून आणणारी एखादी तरी गाडी सापडते. कोकणासाठी नागपूरहून थेट गाडी आहे ती नागपूर–मडगाव, क्रमांक 01139 आणि परतीची 01140. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ असा तिचा मार्ग. विदर्भ, खानदेश आणि कोकण यांना एका दोरीत ओवणारी ही गाडी आजवर नागपूरहून बुधवारी आणि शनिवारी निघत आली, मडगावहून गुरुवारी आणि रविवारी परतत आली.

या वारांचा हिशेब एखाद्या नोकरदाराच्या नजरेने करून पाहा. शनिवारी दुपारी निघालेले कुटुंब रविवारी रत्नागिरीला उतरते. परतीची एक गाडी त्याच रात्री आहे, पण ती पकडायची तर समुद्राला लांबूनच नमस्कार करून फिरावे लागेल. नाहीतर पुढची गाडी गुरुवारी रात्री, म्हणजे घरी शुक्रवारी. सोमवार ते शुक्रवार अशा पाच रजा गेल्या. बुधवारी निघाले तर गुरुवार, शुक्रवार आणि परतीचा सोमवार अशा तीन रजा, शिवाय बुधवारची अर्धी. आता हीच गाडी शुक्रवारी दुपारी सुटली आणि परतीची सोमवारी रात्री मिळाली असे धरू. शनिवारी कोकणात, तिथे अडीच दिवस, मंगळवारी रात्री घरी. सोमवार आणि मंगळवार या दोनच रजा, शुक्रवारची अर्धी. एकदा एखादी जोडून सुट्टी आली की एकाच रजेत काम भागते. अंतर तेच, डबे तेच, रूळही तेच. फक्त वार बदलले की ज्यांना जाणे परवडत नव्हते अशा शेकडो घरांना ते परवडू लागते. आजचे वार पाहिले की ते कसे ठरले असतील हेही कळते. ज्या दिवशी गाडी मडगावला पोचते त्याच रात्री ती परत फिरते. डब्यांचा संच रिकामा उभा राहत नाही, ही त्यातली सोय. रेल्वेच्या हिशेबाने यात काहीच चूक नाही. पण सहल करणाऱ्याचा हिशेब त्यात कोणी धरलेला दिसत नाही. तो धरायला लावणे, हे पर्यटन खात्याचे काम नव्हे तर कोणाचे?

दुसरी अडचण या गाडीच्या दर्जाची. गेली काही वर्षे ती ‘विशेष’ म्हणून धावते. मुदत संपत आली की वाढवली जाते, वाढवल्याची घोषणा होईपर्यंत पुढच्या तारखांचे आरक्षण उघडत नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आले आहे. नियमित गाडीच्या प्रवाशाला निदान ते 60 दिवस हमखास मिळतात. विशेष गाडीच्या प्रवाशाला गाडी त्या महिन्यात असेल की नाही इथपासून चौकशी करावी लागते. शिवाय विशेष गाडी म्हणून भाडे चढे. ज्या माणसाला रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यायचा आहे, गणपतीपुळ्याच्या भक्तनिवासात किंवा राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानात खोली धरायची आहे आणि सत्तरीच्या आईसाठी खालचाच बर्थ हवा आहे, तो अशा गाडीवर विसंबून बेत कसा आखणार? तो पुरीचे तिकीट काढतो. आणि मग नागपूरहून कोकणाला पुरेशी मागणीच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. बेभरवशाच्या गाडीला मिळालेल्या प्रतिसादावरून भरवशाच्या गाडीची मागणी मोजणे न्यायाचे नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो तांत्रिक. कोकण रेल्वे बव्हंशी एकेरी मार्गाची आहे. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पण बाकीच्या मोठ्या भागात समोरून गाडी आली की एकीला स्थानकात थांबावेच लागते. पावसाळ्यात तर सुरक्षिततेसाठी वेग कमी करून वेगळे वेळापत्रकच लागू होते. मार्ग भरलेला आहे, नवी गाडी बसवणार कुठे, असे सांगितले जाते. हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. पण इथे मागणी मुळात नव्या गाडीची नाहीच. जी गाडी आज विशेष म्हणून आठवड्यातून दोनदा या मार्गावर धावू शकते, तिच्यासाठी मार्गात जागा सापडलेली आहे. तिला नियमित क्रमांक आणि नियमित भाडे द्यायला एक मीटरही नवा रूळ टाकावा लागत नाही. प्रश्न उरतो तो शुक्रवार-सोमवारचा. त्यासाठी एकतर डब्यांचा आणखी एक संच हवा किंवा आहे तो संच दोन दिवस मडगावला थांबवायला हवा. यात खर्च आहे, हे मान्य. पण तो बारा महिने करा असे कोणी म्हणत नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, हंगामापुरती शुक्रवारची एक फेरी मिळाली तरी पुरे. दर गणेशोत्सवात कोकणासाठी शेकडो विशेष फेऱ्या याच एकेरी मार्गावर, त्याही भर पावसाळी वेळापत्रकात, बसवल्या जातात. चाकरमान्यांसाठी हे केले जाते ते योग्यच आहे. मनात आणले की जागा निघते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. रेल्वे केंद्राची, पर्यटन राज्याचे, मग पर्यटनमंत्र्यांना पत्र कशासाठी? याचे उत्तर आपल्याच खात्याच्या इतिहासात आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने भारतीय रेल्वेच्या साथीने 2004 मध्ये ‘डेक्कन ओडिसी’ ही आलिशान गाडी सुरू केली. परदेशी पाहुण्यांच्या सुखसोयीसाठी पर्यटन खाते रेल्वेशी बोलू शकते, करार करू शकते, वेळापत्रक आखून घेऊ शकते. मग बडनेऱ्याच्या शिक्षकाच्या शयनयान डब्यासाठी बोलायला अडचण कसली? दुसरे असे की कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले तेव्हा केंद्राचा वाटा 51 टक्के होता आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा, 22 टक्क्यांचा, महाराष्ट्राचा. तो पैसा एकट्या कोकणाचा किंवा मुंबईचा नव्हता. त्यात चंद्रपूर, यवतमाळ, बुलढाण्याच्या करदात्याचाही वाटा होता. 2025 मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. ज्या प्रकल्पात राज्याने एवढी वर्षे भांडवल गुंतवले, त्याच्या हस्तांतराच्या वेळी राज्याने काही मागण्या पुढे ठेवणे अगदी रास्त आहे. त्या यादीत विदर्भाची एक गाडी असायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप सगळ्यात आकर्षक आहे. रस्ते होत आहेत, विमाने आहेत, मग रेल्वेसाठी एवढा आग्रह का? समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि 5 जून 2025 रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्याने नागपूर मुंबईच्या जवळ आले यात शंका नाही. पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो. तिथून गणपतीपुळे आणखी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तेही मुंबई–गोवा महामार्गावरून, ज्याच्या चौपदरीकरणाचे काम 2011 पासून रेंगाळले आहे. गाडी स्वतः चालवणाऱ्याची दोन दिवसांत कंबर मोडते आणि गाडी नसलेल्याला या रस्त्याचा उपयोग नाही. विमान गोव्यात उतरवते. चौघांचे भाडे आणि तिथून कोकणात परत वर येण्याची टॅक्सी यांची बेरीज महिन्याच्या पगाराशी झगडू लागते. पवनार ते पत्रादेवी असा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे. नागपूर–गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येईल असे त्याबद्दल सांगितले जाते. त्याचा अंदाजित खर्च 86 हजार कोटींच्या घरात आहे आणि 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि नियोजनासाठी 20,787 कोटींना मान्यता दिली. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा त्याला तीव्र विरोध आहे. तो वाद इथे सोडवण्याचा हेतू नाही. पण ज्या सरकारला देवस्थाने आणि समुद्र यांना विदर्भाशी जोडण्यासाठी एवढी रक्कम उभी करावीशी वाटते, त्याने आधी असलेल्या रुळांवरची असलेली गाडी नीट वाराला सोडून पाहावी, ही अपेक्षा गैर नाही. महामार्ग झाला तरी तो व्हायला वर्षे लागतील. वेळापत्रक बदलायला एक परिपत्रक पुरते. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाचेही तेच. तो झाला तर कोकणाचे दार देशावरून उघडेल, पण तो मंजूर होऊनही वर्षानुवर्षे कागदावरच आहे आणि कागदावरच्या रुळांवरून आजची सुट्टी जात नाही.

चौथी शंका प्रवासी मिळतील का, अशी असू शकते. ही गाडी एका बाजूनेच भरेल असे समजण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. आणि धंतोलीपासून थोड्याच अंतरावर दीक्षाभूमी आहे, जिथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी धम्मदीक्षा घेतली. कोकणात बौद्ध समाज मोठा आहे. धम्मचक्र प्रवर्तनदिनाला नागपूरला येऊ इच्छिणाऱ्यांना आज बहुतेक मुंबईत गाडी बदलावी लागते. शेगाव याच लोहमार्गावर आहे आणि गजानन महाराजांचे भक्त कोकणात काही कमी नाहीत. सेवाग्राम, रामटेक, ताडोबा ही नावे कोकणातल्या शाळांच्या सहलींना ठाऊक आहेत, पण जायचे कसे हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहेच. आमच्यासाठी जो हंगाम समुद्राचा, तोच त्यांच्यासाठी जंगलाचा आणि संत्र्यांचा. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार अशी उद्दिष्टे आहेत. हे रोजगार केवळ परराज्यातून आणि परदेशातून येणाऱ्यांवर उभे राहणार नाहीत. बारा कोटींहून अधिक लोकांचे हे राज्य स्वतःच्याच मुलखात फिरू लागले, तरी त्यातला मोठा हिस्सा साधेल.

शेवटचा आक्षेप कोकणातून येईल, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘अजून माणसे कशाला? आधीच जोडून सुट्टी आली की गणपतीपुळ्यात वाहनांच्या रांगा लागतात, कचरा होतो, उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, आणि बाहेरची माणसे भरतीच्या वेळी पाण्यात शिरतात.’ यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण रांगा लागतात त्या मोटारींच्या. रेल्वेने आलेले कुटुंब मोटार आणत नाही. त्यासाठी एकच गोष्ट करावी लागेल. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर आहे आणि गणपतीपुळे तिथून 25-30 किलोमीटरवर. गाडीच्या वेळेला स्टेशनाच्या आवारातून थेट गणपतीपुळ्याला सुटणारी एसटी हवी, आणि परतीच्या गाडीला पोचवणारीही. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये बंद केली ती केलीच, निदान शेवटच्या टप्प्यात तरी राज्याची सवलत त्या आजीच्या उपयोगी पडेल. आज ती आजी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभी राहते.

समुद्राच्या धोक्याबद्दल मात्र फक्त वाहनांचे उत्तर देऊन भागणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठजण गेले. अशा प्रत्येक बातमीत ‘अतिउत्साही पर्यटक’ हे शब्द येतात. पण घाटावरच्या माणसाला समुद्र कळत नाही हा त्याचा गुन्हा नव्हे. आम्हाला नागपूरचे अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव माहीत. ज्या पाण्याला दिवसातून दोनदा भरती येते, ओहोटीत जे पायाखालची वाळू ओढून नेते, ते आम्हाला कोणी शिकवलेलेच नाही. ज्याच्याकडे किनाऱ्यासाठी एकच दुपार आहे, तो ती दुपार भरतीची आहे की ओहोटीची हे पाहत बसत नाही. ज्याच्याकडे अडीच दिवस आहेत, त्याला थांबायला सांगता येते. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा देवळाच्या पायऱ्यांवर, भक्तनिवासात आणि त्या एसटीत मराठीत लिहिलेल्या असाव्यात, पोहायची जागा झेंड्यांनी आखलेली असावी, जीवरक्षक सूर्यास्तापर्यंत असावेत. पुरीचा गोल्डन बीच 2020 मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मिळालेल्या देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत होता. त्या आठांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. सुरक्षितता आणि स्वच्छता हे त्या मानांकनाचे निकष आहेत, आणि पाहुण्यांची संख्या वाढवायची म्हटले की ते आपोआप यजमानाच्या अंगावर येतात. ही जबाबदारी टाळण्यासाठी पाहुणेच नकोत असे म्हणणे कोकणाच्या स्वभावात नाही.

तेव्हा मागणी थोडक्यात अशी. नागपूर–मडगाव गाडी नियमित करून तिला कायमचा क्रमांक आणि नेहमीचे भाडे द्यावे. दिवाळी ते फेब्रुवारी या काळात नागपूरहून शुक्रवारी निघणारी आणि मडगावहून सोमवारी परतणारी एक फेरी असावी. त्या फेरीला जोडून रत्नागिरी आणि कुडाळ स्थानकांवरून किनाऱ्यांकडे जाणारी एसटी असावी, आणि महामंडळाच्या निवासस्थानांतल्या खोल्या ताब्यात देण्याच्या आणि सोडण्याच्या वेळा गाडीच्या वेळेशी जुळाव्यात. एका हंगामापुरता प्रयोग करून पाहावा. जागा रिकाम्या राहिल्या तर गाडी बंद करा, आमची तक्रार राहणार नाही. पण प्रयोग योग्य वारांनी, वेळेत जाहीर करून व्हावा, एवढीच अट.

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते आणि म्हणून आपण दर हिवाळ्यात इथे येता. विदर्भ महाराष्ट्रात आला तेव्हा दिलेल्या शब्दांपैकी बरेच शब्द मोठ्या रकमांचे आणि मोठ्या वादांचे आहेत, त्यांचा हिशेब निघायचा तेव्हा निघेल. ही मागणी त्या मानाने फारच लहान आहे. अनुशेषाच्या कुठल्याही तक्त्यात ती बसणार नाही. पण राज्य एक आहे हे सामान्य माणसाला कळते ते तक्त्यांवरून नव्हे, आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला चार दिवसांत सहकुटुंब जाऊन येता येते का, यावरून. येत्या हिवाळी अधिवेशनात रेल्वेच्या अधिकाऱ्यांना बोलावून या एका विषयावर बैठक घ्यावी आणि तिचा निर्णय सभागृहात सांगावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नागरिक
धंतोली, नागपूर